भोपाळचे नबाब हमीदुल्लाखान : मैदानातला संघ आणि मैदानाबाहेरचा

हौशी मोटारशर्यतीत पुढच्या गाडीच्या अगदी पाठीशी राहिले की वाऱ्याचा विरोध कमी होतो आणि मागच्या गाडीचा वेग वाढतो. दोघा मित्रांनी अशी जोडी जमवून तिसऱ्याला मागे टाकले, तर ते सहकार्य की अन्याय? त्याला नियमाने आवर किती घालावा? भरधाव घोड्यांवरून खेळल्या जाणाऱ्या पोलोतही हाच प्रश्न येतो. त्या खेळात नाव मिळविलेल्या एका संस्थानिकाला तो पुढे आयुष्यभर निरनिराळ्या रूपांत भेटत राहिला.

हमीदुल्लाखान यांचा जन्म ९ सप्टेंबर १८९४ रोजी भोपाळ येथे झाला. सुलतान जहाँ बेगम यांचे ते धाकटे पुत्र. त्यांच्यापूर्वी चार बेगमांनी भोपाळचा कारभार पाहिला होता. अलीगढच्या महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते आईच्या हाताखाली राज्यकारभार शिकले. दोघे थोरले भाऊ निवर्तले होते. १९२६ साली बेगमसाहेबांनी गादी सोडली आणि ते नबाब झाले.

पोलोत त्यांचे मानांकन नऊ होते. सर्वोच्च मानांकन दहा. हा आकडा खेळाडूचे संघाला किती मोल आहे हे सांगतो. चौघांपैकी प्रत्येकाची जागा ठरलेली असते. प्रतिस्पर्ध्याला खांद्याला खांदा लावून बाजूला रेटता येते. पण चेंडूच्या रेषेवरून येणाऱ्याच्या वाटेत धोकादायकरीत्या घोडा आडवा घालता येत नाही. सहकार्याला मोकळीक आणि जिवाला धोका होईल तिथे बंदी, अशी ही विभागणी आहे.

१९३५ ते १९३७ या काळात ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार होते. बेशिस्तीचा ठपका ठेवून लाला अमरनाथ यांना पहिल्या कसोटीपूर्वीच मायदेशी धाडण्यात आले. तीन कसोट्यांपैकी दोन भारताने गमावल्या. अध्यक्ष या नात्याने नबाबांनी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. बेळगाव-धारवाडचा प्रदेशही तेव्हा याच न्यायालयाच्या कक्षेत होता. समितीने अमरनाथांना दोषमुक्त केले आणि कर्णधाराच्या नेतृत्वावरच ताशेरे ओढले. संघाची शिस्त कर्णधारालाही लागू असते, हे एका राजपुत्राच्या बाबतीत प्रथमच लेखी ठरले असे म्हणण्यास हरकत नाही.

संस्थानिकांचा संघ मात्र त्यांना बांधता आला नाही. नरेंद्र मंडळाचे ते दोनदा चान्सलर झाले : १९३१-३२ मध्ये आणि पुन्हा १९४४ ते १९४७. सर्व संस्थानांनी एकजुटीने वाटाघाटी कराव्यात, अशी त्यांची खटपट होती. परंतु या मंडळाचा निर्णय कोणावरही बंधनकारक नव्हता. एप्रिल १९४७ मध्ये बडोदा, बिकानेर, पतियाळा आदी संस्थानांचे प्रतिनिधी घटना समितीत जाऊन बसले. जूनमध्ये नबाबांनी चान्सलरपद सोडले.

त्यांची चूकही येथेच होती. ते संस्थानिकांची एकजूट जुळवीत होते. त्यांची प्रजा त्या संघात कुठेच नव्हती. ऑगस्ट १९४७ मध्ये त्यांनी सामीलनाम्यावर सही केली, तरी भोपाळचे वेगळे अस्तित्व टिकावे अशी त्यांची इच्छा होती. विलीनीकरणासाठी लोक रस्त्यावर आले. जानेवारी १९४९ मध्ये नर्मदाकाठी बोरास येथे गोळीबारात तरुणांचे बळी पडले. १ जून १९४९ रोजी भोपाळचा कारभार भारत सरकारने हाती घेतला.

४ फेब्रुवारी १९६० रोजी नबाबांचे निधन झाले. त्यांच्या कन्या साजिदा सुलतान यांचे पुत्र मन्सूर अली खान पतौडी यांचा जन्म भोपाळचाच. आजोबांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९६२ साली, ते भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार झाले.