केकमागची ॲना आणि फ्रीजमधलं आइस्क्रीम

मैत्रिणींनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आइस्क्रीम करत नाही अशी बाई विरळाच. आंबा, सीताफळ, गुलकंद असं सगळं करून झालं, की पोरं नवीन काहीतरी मागतात. म्हणून या वेळी 'पावलोव्हा' नावाच्या केकवरून सुचलेलं आइस्क्रीम सांगणार आहे. पण त्याआधी हे नाव जिचं आहे, तिची ओळख करून देते. केक जगभर खाल्ला जातो आणि बाई मात्र मागे पडते, हे मला काही बरं वाटत नाही.

ॲना पावलोव्हाचा जन्म १८८१चा, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. आई ल्युबोव्ह लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची. पोर दिवस भरण्याआधीच जन्मलेली, अगदी अशक्त. तिला लिगोवो गावात आजीकडे ठेवलं. खरे वडील कोण, यावर आजही वाद आहेत. पावलोव्ह हे सावत्र वडिलांचं आडनाव. बापाच्या नावापाशी अडलेली लेकरं आणि त्यांच्या आया मी कामानिमित्त नेहमी पाहते, त्यामुळे हे वाचताना मी थबकले. जे आडनाव उसनं होतं, तेच तिने जगाच्या तोंडी बसवलं!

ॲना नऊ वर्षांची होत आली होती, तेव्हा आईने पदरमोड करून तिला मारिन्स्की थिएटरात 'स्लीपिंग ब्यूटी' हा बॅले दाखवला. बॅले म्हणजे पायाच्या बोटांवर तोल सावरत करायचं युरोपातलं शास्त्रीय नृत्य. पोरीने तिथेच ठरवलं, की आपल्याला हेच करायचंय. शाही नृत्यशाळेने आधी नाकारलं आणि वर्षभराने, १८९१ साली घेतलं. तिथे तिच्या काटकुळेपणावरून मुली तिला 'झाडू' म्हणून चिडवत. तेव्हा ठसठशीत बांध्याच्या, दणकट नर्तकी पसंत होत्या. हिचे पाय बारीक, तळवे कमानीसारखे वाकलेले. बोटांवर उभं राहिलं की सगळा भार अंगठ्यावर यायचा. मग तिने बुटांना आतून कडक चामड्याचा तळ बसवला आणि पुढचा भाग ठोकून घट्ट केला. ही लबाडी आहे, असं काहींनी म्हटलं. आज बॅलेचे बूट साधारण त्याच पद्धतीने बनतात!

१८९९मध्ये ती शिकून बाहेर पडली आणि १९०६मध्ये मारिन्स्कीची मुख्य नर्तकी झाली. पुढच्याच वर्षी मिखाईल फोकिन यांनी तिच्यासाठी 'मरणारा हंस' बसवला. उणीपुरी तीन-चार मिनिटांची रचना. त्यात उड्या नाहीत, गिरक्यांचा चमत्कार नाही. एक पक्षी जगायची धडपड करतो आणि शेवटी मिटतो, एवढंच. आयुष्यात तिने हा नाच जवळपास चार हजार वेळा केला, असं सांगतात.

मानाची जागा मिळाल्यावर बसून खायचं, तर ही निघाली फिरायला. १९१२मध्ये लंडनमध्ये 'आयव्ही हाउस' नावाचं घर घेतलं, तिथल्या तळ्यात हंस पाळले. पण घरी राहायला सवड कुठे? स्वतःचा संच घेऊन बोटीने, आगगाडीने ती देशोदेशी गेली. मेक्सिकोत तर बैलांच्या झुंजीच्या मैदानातही नाचली. रशियात क्रांती झाल्यावर निर्वासितांच्या मुलांसाठी तिने १९२०मध्ये पॅरिसजवळ अनाथगृह काढलं. पैसा कमवणं आणि तो कुठे घालायचा हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिला दोन्ही जमल्या.

१९२२मध्ये ती भारतात आली, मुंबई-कलकत्त्याला तिचे प्रयोग झाले. परतल्यावर १९२३मध्ये लंडनला तिने आपल्या अजिंठ्याच्या चित्रांवर बॅले केला. त्याच सुमारास तिथे चित्रकला शिकणाऱ्या उदय शंकर यांना हाताशी धरून ती राधा झाली आणि ते कृष्ण. पुढे १९२८ साली पुन्हा मुंबईत आली, तेव्हा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिचा नाच पाहिला. त्या तिच्याच संचातल्या नर्तकीकडे बॅले शिकू लागल्या. पण आपल्या देशाच्या नृत्याकडे बघ, असं त्यांना सुचवलं ते पावलोव्हानेच. पुढचं भरतनाट्यम आणि 'कलाक्षेत्र' आपल्याला ठाऊक आहे.

आता केक. १९२६मध्ये ती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला आणि १९२९मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेली होती. तिच्या पांढऱ्याशुभ्र झगमगत्या झग्यासारखा हलका, अंड्याच्या फेसाचा एक केक तिकडे तिच्या नावाने होऊ लागला. तो आमचाच, म्हणून दोन्ही देश अजून भांडतात. ऑस्ट्रेलियावाले १९३५चं पर्थचं हॉटेल दाखवतात. न्यूझीलंडच्या हेलन लीच यांनी मात्र जुनी पुस्तकं चाळून आपल्याकडची १९२९ची कृती शोधून काढली. आपल्याला काय, खाण्याशी मतलब!

तीन अंड्यांचा पांढरा भाग कोरड्या भांड्यात घ्या. पिवळ्या बलकाचा किंवा तुपाचा थेंबही नको, नाहीतर फेस धरत नाही. फेटता फेटता दीडशे ग्रॅम पिठीसाखर चमचा-चमचा घाला. भांडं उलटं केलं तरी पडणार नाही इतका घट्ट फेस झाला, की प्रत्येकी एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर आणि व्हिनेगर हलक्या हाताने मिसळा. कागदावर पातळ पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासाभरापेक्षा थोडं जास्त ठेवा आणि आतच गार होऊ द्या. केकमध्ये हा आतून मऊ लागतो. आइस्क्रीमसाठी मात्र कोरडा कुरकुरीत हवा. अंडं चालत नसेल, तर शिजवलेल्या काबुली चण्यांचं दाट पाणीही असंच फेटलं जातं. विश्वास बसत नाही, पण करून बघा.

मग दोन कप गार व्हिपिंग क्रीम घट्ट फेटा. त्यात अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क आणि थोडा व्हॅनिला घाला. केकच्या दुकानात मिळणारं क्रीम बहुतेक आधीच गोड असतं, तेव्हा चव घेऊन मिल्क कमी करा. त्या फेसाचे आवळ्याएवढे तुकडे करून शेवटी मिसळा. तिकडे केकवर पॅशनफ्रूट नाहीतर स्ट्रॉबेरी घालतात. मी आटवलेल्या आमरसाचे थर देते. आमरस आटवायचाच, पाणी राहिलं की बर्फाचे खडे होतात. झाकण लावून आठ तास फ्रीझरमध्ये. दोन-तीन दिवसांत संपवा, तुकडे ओल धरतात.

ते गोठेपर्यंत ॲनाची उरलेली गोष्ट. जानेवारी १९३१मध्ये ती हॉलंडमध्ये द हेगला प्रयोगासाठी गेली. प्रवासात थंडी बाधली, फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण नाचता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तिने नकार दिला, असं म्हणतात. बरोबर केलं का? मी कुणा आजारी बाईला असा सल्ला मुळीच देणार नाही. पण नववं वर्षही न भरलेल्या त्या पोरीने थिएटरात बसून जे ठरवलं होतं, ते काढून घेतल्यावर तिच्याकडे काय उरलं असतं, हेही मला सांगता येत नाही. २३ जानेवारीला ती गेली, पन्नाशीला वीस दिवस कमी असताना. त्यानंतर लंडनच्या एका कार्यक्रमात वाद्यवृंदाने हंसाचं संगीत वाजवलं. पडदा वर होता, मंच रिकामा, आणि प्रकाशाचा झोत ती असती तर जिथे जिथे गेली असती तिथे तिथे फिरत राहिला.