फ्रान्स्वा त्रूफो

पहिल्याच कृतीनें जगाची मान्यता मिळविणारे कलावंत विरळा. फ्रेंच चित्रपट-दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफो हे त्यांपैकीं एक होत. त्यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९३२ रोजीं पॅरिस येथें झाला. आईबापांची माया त्यांस फारशी लाभली नाहीं. चौदाव्या वर्षीं शाळा सुटली. पुढें चित्रपट-मंडळ काढून ते कर्जबाजारी झाले, तेव्हां पित्यानेंच त्यांस पोलिसांच्या हवालीं केलें. बालसुधारगृहांतून त्यांची सुटका होण्यास थोर समीक्षक आंद्रे बाझाँ कारण झाले. त्यांनींच त्रूफोंस लेखनास लाविलें.

त्रूफोंची टीका इतकी जहाल असे कीं, १९५८ सालीं कान येथील चित्रपट-महोत्सवानें त्यांस प्रवेश नाकारिला. त्याच नोव्हेंबरांत त्यांनीं ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ हा आपला पहिला दीर्घ चित्रपट आरंभिला, आणि दुसऱ्याच दिवशीं बाझाँ निवर्तले. उपेक्षित मुलाची ती कथा त्रूफोंनीं त्यांच्या स्मृतीस अर्पण केली. १९५९ सालीं त्याच महोत्सवानें त्यांस सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचें पारितोषिक दिलें. पुढें १९७८ पासून तेथें प्रथम चित्रपटासाठीं ‘कॅमेरा दोर’ हें स्वतंत्र पारितोषिक सुरू झालें.

२१ ऑक्टोबर १९८४ रोजीं त्रूफो वारले. वाया गेलेल्या म्हणून टाकिलेल्या मुलावर एका सज्जनानें विश्वास ठेविला, त्याचें हें फळ, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.