संतश्रेष्ठ तुकाराम महाराज आणि इंद्रायणीतील गाथा

लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावणारी इंद्रायणी मावळातून वाहत श्रीक्षेत्र देहूस येते. याच नदीत तुकाराम महाराजांना आपले अभंग स्वहस्ते सोडावे लागले.

महाराजांचा जन्म देहूच्या मोरे घराण्यात इ. स. १६०८ च्या सुमारास झाला. वडील बोल्होबा, मातोश्री कनकाई. घरी व्यापार, सावकारी आणि विठ्ठलाची पिढीजात उपासना होती. १६३०-३१ च्या भीषण दुष्काळात प्रथम पत्नी व पुत्र संतोबा निवर्तले. पुढे महाराजांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवून ऋणकोंना मुक्त केले, असे परंपरा सांगते. भामचंद्र व भंडारा डोंगरांवरील एकांतात चिंतन घडले, अभंग स्फुरले आणि कीर्तनास सर्व जातींचे लोक लोटू लागले.

शूद्र मानलेल्या कुळातील पुरुषाने वेदांचा अर्थ प्राकृतात सांगणे, हा तत्कालीन रूढ धर्मशास्त्रानुसार अपराध होता. काय लिहिले यापेक्षा कोणी लिहिले, हेच पाहिले जाई. महीपतींनी लिहिलेल्या चरित्रानुसार, वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी अधिकाऱ्यांकडे तक्रार केली व अभंगांच्या वह्या बुडविण्यास सांगितले. महाराजांनी वह्या नदीत सोडल्या. कर्जखते बुडविताना जे निश्चिंत होते, ते आता काठावरील शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले. या प्रसंगाचा उल्लेख त्यांच्या अभंगांतही आहे. त्यानंतर वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची दृढ श्रद्धा आहे.

अभंग लोकांच्या कंठी वसले होते. संताजी जगनाडे यांनीही ते लिहून ठेवले. रामेश्वर भट्ट पुढे महाराजांचे शिष्य झाले आणि वारकरी आजही गातात ती तुकारामांची आरती त्यांनीच रचली.

फाल्गुन वद्य द्वितीया, इ. स. १६५० रोजी महाराजांचे वैकुंठगमन झाले. १८६९ मध्ये मुंबई सरकारच्या साहाय्याने गाथेचा पहिला खंड छापला गेला. आज सुमारे साडेचार हजार अभंग उपलब्ध आहेत. लिहिण्याबोलण्याचा जो अधिकार महाराजांना नाकारला गेला, तो १९५० साली राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने, वाजवी निर्बंधांसह, प्रत्येक नागरिकास मिळाला.

भाविकांनी देहू येथील शिळामंदिर, अभंग कोरलेले गाथा मंदिर, तसेच मावळातील भंडारा डोंगर व सुदुंबरे येथील संताजी महाराजांची समाधी यांचे दर्शन अवश्य घ्यावे.