पुराणिकाची कन्या आणि तिचा नित्यपाठ

मार्गशीर्षातील गीताजयंती आणि नाताळ हे दोन दिवस बहुधा एकमेकांच्या आगेमागेच येतात. गीताजयंतीला आपल्याकडे घरोघर अठरा अध्यायांचे पारायण होते. नाताळात ख्रिस्ती बांधव बायबलातील येशूजन्माचा भाग वाचतात. परंतु पारायण सणापुरते आणि नित्यपाठ रोजचा, हा भेद दोन्हीकडे सारखाच आहे. तैत्तिरीय उपनिषदातील आचार्य घरी निघालेल्या शिष्याला स्वाध्यायात हयगय न करण्याविषयी बजावतात. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती आचारातही रोज धर्मग्रंथ उघडून स्वतः वाचणे आणि त्याचा अर्थ मनाशी लावणे याला फार मोठे स्थान आहे. हे दोन्ही संस्कार ज्या एकाच जीवनात भेटले, ते जीवन पंडिता रमाबाईंचे. त्यांच्या धर्मांतराविषयी आपल्या समाजात उदंड बोलले गेले; त्यांच्या वाचनाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न विद्वान. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले, म्हणून त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. पुढे वृद्धापकाळामुळे शास्त्रीबुवांना धाकट्या कन्येला शिकविणे झेपेना, तेव्हा ते काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी, झुंजुमुंजू होण्याच्याही आधी त्या निजलेल्या मुलीला जागे करीत आणि संथा देत. वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत हा क्रम चालला. अठरा सहस्र श्लोकांचे भागवत रमाबाईंना मुखोद्गत होते अशी त्यांची ख्याती पुढे देशभर झाली, तिचे मूळ या पहाटेत आहे.

हे कुटुंब क्षेत्रोक्षेत्री फिरून देवळात पुराण सांगत असे. श्रोते येत, नमस्कार करीत, फुले-फळे-दक्षिणा ठेवून जात. वाचलेले संस्कृत त्यांना कळे की न कळे, पुण्य मात्र पदरी पडे असा समज होता. पुढे आत्मकथनपर लेखनात रमाबाईंनी हे सारे कसलीही भीड न ठेवता नोंदविले आहे. याच वृत्तीवर जगणाऱ्या आमच्यासारख्यांनी ते वाचावे आणि थोडा वेळ गप्प बसावे, हे बरे. १८७४ पासून दक्षिणेत दुष्काळाने जो घाला घातला, त्यात वडील, आई आणि थोरली बहीण अशी तीन माणसे गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी हिंदुस्थान पालथा घालीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तेथेच एका ख्रिस्ती मेळ्यात संस्कृत बायबल त्यांच्या हाती आले. ती भाषा त्यांच्या परिचयाच्या संस्कृताहून इतकी वेगळी होती, की ते वाचणे त्यांना व्यर्थ वाटले.

भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, कन्या मनोरमेचा जन्म आणि १८८२ मध्ये वैधव्य, हे सर्व दोन वर्षांत उरकले. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकचे बंगाली शुभवर्तमान सापडले होते आणि या वेळी ते त्यांना कळले. पुण्यात आर्य महिला समाज स्थापून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत व्याख्याने देऊन त्यांनी विधवांसाठी साहाय्य मिळविले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले.

त्या ख्रिस्ती झाल्या आणि बायबलमय झाल्या अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्या बायबलाविषयी इतरांनी लिहिलेले ग्रंथच अधिक वाचीत होत्या. अमेरिकेहून परतल्यावर त्यांनी ते बाजूला सारले आणि मूळ ग्रंथ नियमाने वाचावयास घेतला. त्याने शांती मिळावी, तर सुमारे दोन वर्षे त्यांचे मन अधिकच अस्वस्थ झाले. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, परंतु ख्रिस्त मिळाला नाही, हे बाप्तिस्म्याला आठ वर्षे लोटल्यावर त्यांना उमगले. भाष्यांवर भाष्ये वाचून मूळ संहितेकडे न वळणारा विद्यार्थी आपल्या पाठशाळांतूनही काही दुर्मीळ नाही.

या नित्यवाचनाची किंमत त्यांना लौकरच मोजावी लागली. शारदा सदनात धर्माचा आग्रह केला जाणार नाही असे अभिवचन होते. रमाबाई आपल्या खोलीत बायबल वाचीत, प्रार्थना करीत. मात्र दार उघडे ठेवीत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा रोष अनाठायी होता असे म्हणवत नाही. अभिवचनावर विसंबूनच त्यांनी लेकी धाडल्या होत्या. परंतु जी पहाटेच्या संथेत वाढली, तिने स्वतःचा पाठ चोरून, दार लावून करावा, ही अपेक्षाही कठीणच होती. दार उघडेच राहिले.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून शेकडो अनाथ मुली व विधवा त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. या मुली आधी अक्षरे शिकल्या, मग बायबल वाचू लागल्या, आणि तेथे अडचण उभी राहिली. प्रचलित मराठी बायबलातील संस्कृतप्रचुर भाषा त्यांना कळेना. अर्थ न कळता केलेले श्रवण म्हणजे काय, हे पुराणिकाच्या कन्येला कोणी सांगावयास नको होते. वयाच्या सत्तेचाळिशीच्या सुमारास त्या नव्या भाषांतराला बसल्या. त्यासाठी हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि ज्या संस्कृतावर त्यांची कीर्ती उभी होती, त्यातीलच शब्द निवडून निवडून दूर केले. संस्कृताच्या अभ्यासकाला हे पाहून हळहळ वाटते. शिवाय मूळ शब्दाला घट्ट धरून राहण्याच्या आग्रहामुळे त्यांची मराठी जागोजाग अवघडते, आणि चर्चमध्ये ते भाषांतर फारसे रूढही झाले नाही. पण ते केले होते ते गावंढळ म्हणविल्या गेलेल्या बायकांसाठी, त्यांनी रोज स्वतः वाचावे म्हणून.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ऐकू येईनासे झालेल्या, थकलेल्या रमाबाई मुद्रिते तपासीत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणे, छपाई आणि बांधणी केडगावच्या स्त्रियांनीच केली होती, आणि त्यांतील कित्येक जणी दुष्काळातून आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.