वेदनेला थोपविणारा डॉक्टर : कार्ल कोलर

(बी. ए. भाग २)

दाढ काढण्यापूर्वी डॉक्टर हिरडीत सुई टोचतात. थोड्याच वेळात तेवढा भाग बधिर होतो आणि माणूस मात्र पूर्ण शुद्धीवर असतो. ही सोय ज्यांच्यामुळे जगाला लाभली, त्या डॉ. कार्ल कोलर यांचा हा अल्पपरिचय.

कोलर यांचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी बोहेमियातील एका ज्यू कुटुंबात झाला. व्हिएन्नात वैद्यकीय शिक्षण घेऊन ते तेथील मोठ्या रुग्णालयात उमेदवारी करू लागले. नेत्रविभागात साहाय्यकाची जागा मिळावी ही त्यांची मनीषा होती. ईथरची भूल १८४६ पासून माहीत होती. पण डोळ्याच्या शस्त्रक्रियेस ती सोयीची नव्हती. बेशुद्ध रोगी सांगितल्याप्रमाणे डोळा स्थिर ठेवू शकत नसे आणि नंतरच्या ओकाऱ्यांनी जखमेला धोका पोहोचे.

त्यांचे स्नेही सिग्मंड फ्रॉइड त्या काळी कोकेनचा अभ्यास करीत होते. कोकेनने जीभ बधिर होते, हे अनेकांनी अनुभवले होते. पण जिभेचा हा अनुभव डोळ्याच्या कामी येईल, हे कोलर यांनी ओळखले. बेडूक, ससा, कुत्रा यांच्यावर प्रयोग करून त्यांनी अखेर स्वतःच्याच डोळ्यात थेंब टाकले आणि टाचणीने बुबुळाला स्पर्श केला. वेदना झाली नाही! १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला. कोलर मात्र तेथे नव्हते. प्रवासखर्चाला पैसे नसल्याने त्यांचे टिपण डॉ. ब्रेटाउअर यांनी वाचले.

हे औषध करते तरी काय? मज्जातंतूच्या आवरणात सोडियमचे कण आत येण्याची सूक्ष्म द्वारे असतात. ते कण आत शिरले की वेदनेचा संदेश पुढे सरकतो. औषध आवरणातून आत जाते आणि ती द्वारे आतल्या बाजूने अडविते. संदेश मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. काही वेळाने रक्त ते औषध वाहून नेते व संवेदना परत येते. पू झालेल्या जागी आम्लता वाढल्याने औषध आवरणापलीकडे नीट जात नाही. म्हणून सुजलेल्या दाढेला भूल कमी चढते.

जगभर नाव झाले, तरी हवी असलेली जागा कोलर यांना मिळाली नाही. जानेवारी १८८५ मध्ये एका सहकाऱ्याने त्यांच्या ज्यू असण्यावरून अपशब्द काढले. कोलर यांनी त्याच्या मुस्कटात मारली आणि प्रकरण तलवारीच्या द्वंद्वापर्यंत गेले. त्यात कोलर जिंकले; परंतु व्हिएन्ना सुटलेच. हॉलंडमध्ये काही काळ काम करून १८८८ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले व नेत्रवैद्य म्हणून तेथेच स्थिरावले. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही. २१ मार्च १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

कोकेनचे व्यसन लागते, म्हणून पुढे १९०५ मध्ये नोव्होकेन व १९४८ मध्ये लिग्नोकेन वापरात आले. वाट मात्र कोलर यांनीच दाखविली होती. जन्मावरून माणसाची जागा ठरविणाऱ्यांनी त्यांना दूर लोटले. त्यांच्या औषधाने मात्र कोणाचीही जात वा धर्म विचारला नाही. आज आपल्या शाहूवाडी तालुक्यातील एखादी आजी मोतीबिंदू काढून त्याच दिवशी हसत घरी येते, तेव्हा त्या उपेक्षित डॉक्टरचे ऋण तिच्यापर्यंतही पोहोचलेले असते.