विश्लेषण : पोळे न मोडता मध आणि पिल्लांचा हिशेब शक्य झाला, तो कोणामुळे?

आंबा-काजूचा मोहर सरला की सिंधुदुर्गातील मधपाळाला एकच घोर असतो : पावसाळ्यात पेटीतले अन्न पुरेल का? उपासमार झाली तर सातेरी माशी पेटी सोडून निघून जाते. म्हणून चौकट उचलून साठा पाहावा लागतो. ही सुटी चौकट व्यवहारात आणली अमेरिकेच्या लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी.

हे लँगस्ट्रॉथ कोण?

जन्म २५ डिसेंबर १८१०, फिलाडेल्फिया. येलमध्ये शिकून ते धर्मोपदेशक झाले. नैराश्याने त्यांना आयुष्यभर छळले. मधमाश्या हा त्यांचा विरंगुळा होता.

त्यांनी काय शोधले?

त्याआधी पोळे पेटीच्या भिंतींना चिकटलेले असे. मध काढायचा तर ते कापावे लागे, त्यात पिल्लेही मरत. स्वित्झर्लंडच्या दृष्टिहीन फ्रान्स्वा ह्यूबर यांनी पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी केली होती, पण ती अभ्यासापुरतीच राहिली. सुमारे ९ मिलिमीटरची फट माश्या ये-जा करायला मोकळी ठेवतात. कमी असेल तर राळेने बुजवतात, जास्त असेल तर तिथे पोळे बांधतात. १८५१ मध्ये लँगस्ट्रॉथ यांनी हीच फट चौकटीच्या चारही बाजूंना ठेवली आणि चौकट सहज निघू लागली.

मोजणी कशी होते?

चौकटीवर तारांची जाळी धरतात. ५ सेंटिमीटर बाजूचा एक चौकोन म्हणजे २५ चौरस सेंटिमीटर. अंडी-अळ्या, झाकलेले कोष, पराग आणि मध यांचे चौकोन दोन्ही बाजूंनी वेगवेगळे मोजतात. कोषांचे १२ चौकोन भरले तर ३०० चौरस सेंटिमीटर. पाश्चात्त्य कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत तयार होते. म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा मोजले की वसाहत वाढते की खंगते, ते कळते. पिल्ले भरपूर आणि मध-पराग कमी, ही धोक्याची खूण. अशा वेळी मध काढायचा नाही, साखरेचा पाक द्यायचा.

त्यांच्या पदरी काय पडले?

१८५२ मध्ये पेटंट मिळाले, पण सर्रास नकला झाल्या. पैसा हाती लागला नाही. ६ ऑक्टोबर १८९५ रोजी डेटन येथे प्रवचनाला उभे असतानाच त्यांचे निधन झाले. सातेरी माशी लहान, म्हणून तिच्या पेटीची मापेही लहान. तत्त्व मात्र तेच.