कावसजीचे नाक आणि पुण्याचा कुंभार

आमच्या चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत उभी हयात घालवून निवृत्त झालेले एक काका रमजानमध्ये आठवड्यातून एकदा तरी आमच्याकडे इफ्तारला येतात. रोजा त्यांचा नसतो, पण मगरिबची अजान होईपर्यंत समोरच्या खजुराला ते हात लावत नाहीत. त्यांच्या उजव्या पंजाच्या पाठीवर कातडीचा एक फिकट चौकोन आहे. फार वर्षांपूर्वी हात भाजला होता, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून तिथे बसवली. परवा माझ्या लहान पुतणीने त्या चौकोनावर बोट टेकवले आणि विचारले, की इथे गुदगुल्या केल्या तर मांडीला होतात का. सगळे हसले. काकांनी नाही म्हणून मान हलवली.

काकांच्या बाबतीत उत्तर नाही हेच खरे. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्याजवळ एक माणूस होता, त्याच्या नाकावर माशी बसली असती तर काही दिवस तरी ती त्याला कपाळावर बसल्यासारखी वाटली असती. त्या माणसाचे नाव कावसजी. या पानावर दरवर्षी एखाद्या हकिमाचे, आलिमाचे नाही तर सूफी बुजुर्गाचे चरित्र वाचायची वाचकांना सवय आहे. यंदा एका बैल हाकणाऱ्याचे चरित्र लिहितो आहे. प्लास्टिक सर्जरी शिकणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांना त्याचा चेहरा ओळखीचा असतो. आपल्याकडे मात्र त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही.

कावसजी हे नाव ऐकून तो पारशी असावा असे वाटते. इंग्रजांच्या नोंदीत मात्र तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे स्वच्छ लिहिले आहे, म्हणजे आपल्या बोलीत कुणबी. परदेशी कानाने ऐकलेले नाव परदेशी लिपीत गेले की त्याचे काय होते हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा घरचे त्याला कोणत्या नावाने हाक मारत असतील याचा अंदाज ज्याने त्याने करावा. तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. ही लढाई १७९० ते १७९२ ची. एका बाजूला म्हैसूरचा टिपू सुलतान, दुसऱ्या बाजूला इंग्रज, पुण्याचे पेशवे आणि हैदराबादचा निजाम. म्हणजे टिपूविरुद्ध मराठे होते, तसा एक मुसलमान राजाही होता.

या लढाईत बैलाची किंमत तोफेपेक्षा कमी नव्हती. १७९१ च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिसची फौज श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोहोचली आणि बैल मेले, धान्य संपले म्हणून स्वतःच्या मोठ्या तोफा फोडून तिला मागे फिरावे लागले. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज भरलेल्या बाजारासह भेटली, म्हणून ती तगली. अशा लढाईत शत्रूचा बैलवाला पकडणे म्हणजे त्याची रसद तोडणे. कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती लागला. त्याचे नाक कापले, एक हात कापला आणि त्याला सोडून दिले.

इथे थोडे थांबून बोलले पाहिजे. आमच्या घरी टिपूचे नाव आदराने घेतात. इंग्रजांशी लढता लढता १७९९ मध्ये तो किल्ल्याच्या दरवाजात मेला, ही गोष्ट मी लहानपणी आजोबांकडून ऐकली आहे. परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, तेव्हा त्याच टिपूने मठाला मदत पाठवली, त्याची पत्रे आहेत. एक बाजू ती पत्रे दाखवते, दुसरी कावसजीचे चित्र दाखवते. माझ्या मते दोन्ही समोर ठेवावीत आणि एकाने दुसरे झाकू नये. कावसजीची हकीकत कंपनीच्या माणसांनी लिहिली, टिपूला बदनाम करण्यात त्यांचा फायदा होता, हे खरेच आहे. पण म्हणून कापलेले नाक खोटे ठरत नाही. निःशस्त्र गाडीवानाला असे विद्रूप करणे जुलूमच होता, आणि तो कोणाच्या नावावर आहे हे पाहून मी त्याला दुसरा शब्द वापरणार नाही.

नाक कापण्याचा हा जुलूम कोणा एका धर्माचाही नव्हता. सतराव्या शतकात म्हैसूरचा हिंदू राजा आणि मदुराईचा नायक यांच्या युद्धात दोन्हीकडच्या फौजांनी नाके कापली. नेपाळात पृथ्वीनारायण शाहने कीर्तिपूर जिंकल्यावर तिथल्या लोकांची नाके कापली. निकोलाओ मनुची नावाचा व्हेनिसचा प्रवासी औरंगजेबाच्या काळात इथे होता. विजापूरचे लोक मोगल फौजेसाठी चारा-लाकूड गोळा करणाऱ्यांना पकडून त्यांची नाके कापत, असे त्याने लिहून ठेवले आहे. कापणारे आदिलशाही, कापली जाणारी माणसे मोगल छावणीची. त्याच मनुचीने पुढे लिहिले आहे की तिथले जर्राह भुवईच्या वरची कातडी कापून खाली नाकावर वळवीत आणि जखम भरून काढीत, आणि अशी नाके असलेली माणसे त्याने डोळ्यांनी पाहिली. जिथे ही शिक्षा, तिथेच हे हुन्नर वाढले.

कावसजी कंपनीच्या फौजेत परत आला. त्याला पेन्शन मिळाली. साधारण वर्षभर तो नाकाशिवाय राहिला. नाक नसण्याचा अर्थ आपल्या भाषेत वेगळा सांगायला नको. घराण्याचे नाक असते, नाक कापले जाते, नाक वर करून चालता येते. शिक्षा देणाऱ्यांनाही हे माहीत होते, म्हणून तर ते नाकच निवडत. लढाईत गेलेला हात दाखवता येतो. नाक नसलेला माणूस मात्र चोर होता, बदफैली होता की फितूर होता, हा प्रश्न बघणाऱ्याच्या डोळ्यांत आधी येतो.

१७९३ च्या मार्च महिन्याच्या सुमारास पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने, म्हणजे कुंभाराने, कावसजीला नवे नाक केले. या कामाची पद्धत तपशिलाने नोंदलेली आहे.

कुंभाराने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून त्याला हव्या त्या नाकाचा आकार दिला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर उलटा ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. रेघेच्या आतली कातडी सोलून सोडवली, पण सगळी नाही. दोन भुवयांच्या मधे एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. नंतर नाकाच्या जागेवरची जुनी, भरून आलेली जखम तासून ताजी केली, तिथे खाच पाडली, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळवली आणि तिच्या कडा त्या खाचेत बसवल्या. टाका घातला नाही. पानाला लावतो तो काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना फासला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. क्लोरोफॉर्म यायला अजून पन्नासहून जास्त वर्षे होती, म्हणजे हे सगळे कावसजीने जागेपणी सोसले. चार दिवस पट्ट्यांना हात लावायचा नाही. मग त्या काढून तुपात भिजवलेली कापडे ठेवायची. पाच-सहा दिवस उताणे निजायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास भुवयांमधली ती जोडपट्टी कापायची.

सगळी विद्या त्या जोडपट्टीत आहे. भंडाऱ्याच्या वाचकांना ती चटकन कळेल. रोवणीच्या वेळी आपण पऱ्हे उपटून दुसऱ्या बांधीत लावतो. रोप मुळासकट सुटलेले असते आणि नव्या चिखलातून पाणी मिळाले तरच जगते. आमच्या काकांच्या हातावरची कातडी अशी आहे. मांडीवरून पूर्ण सुटलेली, पातळ, आणि खालच्या जखमेतून रक्त मिळाल्यावर धरलेली. पण पेरूचे दाब कलम वेगळे. फांदी झाडावरच ठेवून वाकवतात, मातीत दाबतात आणि तिला स्वतःची मुळे फुटली की मगच झाडापासून तोडतात. कावसजीच्या कपाळाची कातडी अशी वळवलेली होती. पंचवीस दिवस तिला कपाळाकडून रक्त येत राहिले, तोवर नाकाच्या जागेकडूनही येऊ लागले. आजचे सर्जन या दोन प्रकारांना ग्राफ्ट आणि फ्लॅप म्हणतात. फ्लॅपमधल्या नसाही सुरुवातीला कपाळाशीच जोडलेल्या असतात, म्हणून नाकाला शिवले तर कपाळाला कळते. पुतणीचा प्रश्न चुकीचा नव्हता, फक्त माणूस वेगळा होता.

हे ज्ञान त्या कुंभाराकडे पोथीतून आले असे वाटत नाही. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचा विधी आहे, पण तिथे झाडाच्या पानाने माप घेऊन कातडी गालाची घ्यायला सांगितली आहे. पुण्यात पानाऐवजी मेण आले, गालाऐवजी कपाळ आले. शेकडो वर्षे हातातून हातात जाताना कोणीतरी ही सुधारणा केली आहे. सुश्रुताची पोथी आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादला पोहोचली होती. खलिफांचा वजीर यह्या बर्मकी याने मन्का नावाच्या हिंदी वैद्याकडून तिचे अरबीत भाषांतर करवून घेतले. युरोपात इटलीच्या ताल्याकोत्सीने १५९७ मध्ये दंडाच्या कातडीचे नाक करण्याचा ग्रंथ छापला. त्यात रुग्णाला आपला दंड आठवडेच्या आठवडे तोंडाशी बांधून ठेवावा लागे. पुढे युरोप तेही विसरला.

पुण्याचे इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या वर्तुळात कावसजीची बातमी पोहोचली. मुंबई इलाख्यातले डॉक्टर थॉमस क्रूसो आणि त्यांचे एक सहकारी यांनी असे काम स्वतः पाहिले होते. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तेव्हा पुण्यात होता. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची त्याने काढलेली चित्रे आपण पुस्तकांत पाहतो. १७९४ च्या जानेवारीत, नवे नाक झाल्यावर दहा महिन्यांनी, याच वेल्सने कावसजीचे चित्र काढले. पेशव्यांना रंगवणाऱ्या कुंचल्यासमोर एक बैलवाला बसला. त्या चित्राचा ठसा निघाला आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये हकिकतीसह छापला गेला. चित्रात चेहऱ्याबरोबर मेणाच्या पत्र्याची आकृतीही आहे. नाक जवळजवळ जन्मजात नाकासारखे दिसते, पक्के बसले आहे आणि कपाळावरचा व्रणही काळाने फारसा जाणवत नाही, असे तिथे नोंदवले आहे.

त्या पानावर डॉक्टरांची नावे आहेत, कावसजीचे आहे, टिपूचे आहे. कुंभाराचे नाव नाही, जातीवर काम भागवले आहे. मला या सगळ्या हकिकतीत नाक कापण्याच्या खालोखाल हीच गोष्ट सलते. त्याच्यानंतर ज्याने ज्याने हे काम केले, त्याचे नाव ग्रंथांत गेले. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने ती हकीकत वाचून मुडद्यांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका फौजी अधिकाऱ्याला कपाळाच्या कातडीचे नाक करून दिले. त्याचा दुसरा रुग्ण लढाईत तलवारीने नाक गेलेला अधिकारी होता. १८१६ मध्ये त्याने पुस्तक छापले. दोन वर्षांनी जर्मनीच्या ग्रेफेने या विषयावर ग्रंथ लिहिला आणि नाव दिले ऱ्हायनोप्लास्टिक. प्लास्टिक सर्जरी या नावाचा बादली-मगाच्या प्लास्टिकशी संबंध नाही. तो ग्रीक शब्द आहे, मातीसारखी वस्तू हाताने घडवणे हा त्याचा अर्थ. ग्रेफेच्या मनात पुण्याचा कुंभार असेल असे मी म्हणत नाही, पण शब्द त्यालाच शोभतो.

आपल्या विदर्भात या विद्येला सरकारी छप्पर मिळाले ते १९५८ मध्ये. डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला, तो देशातला पहिला मानतात. दुभंगलेल्या ओठांची त्यांनी केलेली वर्गवारी आजही नागपूरच्या नावाने ओळखली जाते. कॅन्सरमध्ये नाकाचा भाग गेला तर कपाळाचा फ्लॅप आजही वळवतात. मधली पट्टी आजही साधारण तीन आठवड्यांनी कापतात. कुंभाराचे पंचवीस दिवस आणि आजचे तीन आठवडे, एवढाच फरक पडला आहे.

हे सगळे मी परवा इफ्तारनंतर काकांना सांगितले. पुतणी मधेच बोटाने स्वतःचे कपाळ आणि नाक मोजत होती. कावसजीचा हात पुन्हा आला का, असे काकांनी विचारले. नाही आला, मी सांगितले. त्यांनी आपला पंजा उलटा-सुलटा करून पाहिला आणि मग बशीतले राहिलेले खजूर पुतणीपुढे सरकवले.